बैलाच्या पाठीवरून पहिला नंबर

मुलुंडच्या राममंदिरात पंचवीस वर्षं एकही कीर्तन न चुकवल्याबद्दल विद्याधरपंतांचा सत्कार ठरला आणि पंतांचे पाय जमिनीवर ठरेनात. शाल, श्रीफळ आणि वर पाच मिनिटं भाषण! धास्ती होती ती भाषणाची. पंचवीस वर्षं त्यांनी बुवांसमोर मान डोलवली खरी. पण त्यातली निम्मी डोलणी झोपेची, हे एका रामरायाला आणि एका पत्नीला, जयंतीकाकूंनाच ठाऊक.

"सोपं आहे बाबा, भाषणात एक जपानी गोष्ट सांगा," सून अक्षता म्हणाली. पवईच्या ऑफिसात तिला रोज जपानी लोकांशी बोलावं लागतं. "त्यांच्याकडे दर वर्षाला एक प्राणी. बारा वर्षांचं चक्र. वय विचारायचं तर तुमचा प्राणी कोणता, असं विचारतात. तुम्ही साठ सालचे ना? म्हणजे उंदीर. बारांत पहिला!"

पंत ताठ झाले. "गणपतीचं वाहन! ऐकलंस का गं?"

"ऐकलं. तांदळाच्या डब्याला झाकण लावतेय," काकू आतून म्हणाल्या.

"आणि आई एकसष्टच्या. बैल."

"शोभतं हो!" पंत खुशीत हसले आणि उंदराची सगळी गोष्ट कागदावर उतरवून घेऊ लागले.

सत्काराच्या दिवशी बुवांनी बुक्का लावला, शाल पांघरली. पंतांनी कागद उलगडला.

"देव म्हणाला, नव्या वर्षाच्या पहाटे जे बारा प्राणी आधी दारात येतील, त्यांच्या नावे एकेक वर्ष. बैल चालीला मंद, म्हणून बिचारा रात्रीच निघाला. उंदीर हुशार! बैलाच्या पाठीवर मस्त बसून आला, आणि दार उघडताच टुणकन पुढे उडी मारून…"

पंत अडखळले. समोर सतरंजीवर काकू गुडघा चोळत बसल्या होत्या. मांडीवर पंतांचीच पाण्याची बाटली. गुडघ्यांमुळे ही बाई दर वेळी अर्धा तास आधी निघते, रुमाल टाकून जागा धरते. "आज कंटाळा आलाय" म्हणणाऱ्या नवऱ्याला फोन करकरून बोलावते आणि आरतीपूर्वी कोपराने ढोसून जागं करते.

कागदावर पुढे लिहिलं होतं : 'तात्पर्य, भक्तीत चपळाई हवी.'

पंतांनी कागद खिशात कोंबला. "…पहिला आला. मंडळी, तो लबाड उंदीर मी. बैल तिथे बसलाय. जयंती, वर ये. शाल तुझी आहे."

मंदिर खदखदून हसलं.

"बैलाचे गुडघे दुखतायत," काकू तिथूनच कडाडल्या. "शाल इकडे आणा. आणि नारळ विसरू नका, उद्या चटणीला लागतोय!"

पंत उतरले. टुणकन नव्हे, कठडा धरून, एकेक पायरी. काकूंच्या खांद्यावर शाल घालून शेजारीच टेकले.

कीर्तन सुरू झालं. बुवांचा गळा असा लागला की साक्षात रामराय ऐकायला थांबावेत. पंत टक्क जागे. आता कोपर लागेल, मग लागेल, म्हणून वाट पाहिली. अखेर वळून बघतात तो काय, नव्या शालीच्या उबेत काकूंची मान डोलत होती.

ताल मात्र चुकत होता. पंतांनी कोपर आवरलं आणि आपला खांदा जरा पुढे केला.