छपराखालची फट

दुबळ्या जिवाला ऊब देणं हे माणसाचं आद्य कर्तव्य आहे. याबाबत कोंबड्यांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.

ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली, तेव्हा तिच्या आठ कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्या गळ्यात पडले. खुराड्याची किल्ली देताना ती म्हणाली, "भुसा कोरडा ठेव. पाणी गोठलं तर बदल. आणि छपराखालची फट अजिबात बुजवू नकोस."

"का?"

"मी सांगतेय म्हणून."

मी कॉलेजात एकवीस वर्षं उष्णता शिकवतोय. फटीतून ऊब निघून जाते हे मला ताईकडून शिकायचं नव्हतं. उत्तरेतल्या आमच्या या डोंगराळ गावात पारा शून्याखाली गेला त्या संध्याकाळी मी फटीत जुनं ब्लँकेट कोंबलं, वरून चिकटपट्टी मारली आणि नऊ जीव वाचवल्याच्या समाधानात दोन घास जास्त जेवलो.

सकाळी दार उघडलं तर आतल्या भिंतींना घाम फुटलेला. छपरातून थेंब गळत होते, भुशाचा चिखल झाला होता आणि वासाने डोळे चुरचुरत होते. कोंबड्या श्वासही घेतात, हे माझ्या गणितातून सुटलं होतं. दमट हवेत थंडी दुप्पट बाधते, हेही. दांडीवर कोंबडा बसला होता. त्याच्या तुऱ्याची दोन टोकं थंडीने काळीठिक्कर.

ब्लँकेट उपसलं, भुसा बदलला. तेवढ्यात ताईचा फोन.

"कसे आहेत सगळे?"

"मजेत," मी म्हणालो.

पुढचे अकरा दिवस मी त्या तुऱ्याला व्हॅसलीन चोळलं. कोंबडा मान वाकडी करून एकाच डोळ्याने माझ्याकडे बघायचा. दोन्ही डोळ्यांनी बघितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी कबुली दिली असती. बायको म्हणाली, "माझ्या टाचांच्या भेगांकडे कधी ढुंकून बघितलं नाहीत." तेही खरंच होतं.

ताई वॉकर टेकत आली. ती बसायच्या आतच मी सगळं ओकून टाकलं. फट, ब्लँकेट, तुरा, फोनवरचं खोटं.

तिने कोंबड्याला जवळ घेऊन निरखलं. "ही टोकं होय? ही मी जायच्या आधीपासून काळी आहेत. मीच पोतं कोंबलं होतं फटीत. म्हणून तर तुला बजावलं."

चार वर्षं मी या खुराड्यातली अंडी खातोय. कोंबड्याचं तोंड नीट पाहिलं ते अपराध केल्यावर.

"म्हणजे माझ्यामुळे काही झालं नाही?"

"नाही." तिने कोंबडा खाली सोडला. "पण मी नको म्हटल्यावरही बुजवलीस?"

"हो."

"आणि मजेत आहेत म्हणालास."

"हो."

"बरं," ताई म्हणाली, आणि चहा मागितला.

दोन महिन्यांनी तिच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. किल्ली तिने शेजारणीकडे दिली.