पप्पा निजलेत

अर्पिताने भरलेली कळशी ओट्यावर टेकवण्याआधी तिच्या बुडाखाली फडके सरकवले. मग दोन्ही हातांनी ती इतक्या जपून खाली घेतली, की तीन हातांवर खाटेत जागाच पडून असलेल्या कल्याणलाही काही ऐकू आले नाही. आठ वर्षांच्या मुलीचे हे कसब पाहून कोणत्याही बापाला कौतुक वाटले असते. गेल्या आठवड्यापर्यंत कल्याणलाही ते वाटत होते.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळयांच्या एका कारखान्यात तो तीन वर्षे रात्रपाळीला होता. रात्रभर भट्टीपुढे उभे राहून सकाळी आठला खोलीवर येई, तेव्हा त्याला झोप हवी असे आणि मुलांना दिवस. खोली एकच होती. तेव्हा कोणीतरी हरणे भागच होते, आणि वयाने लहान असलेले हरले. बायको रूपाली त्याच्या येण्याआधीच कुकरच्या शिट्ट्या आटोपून घेई. दाराच्या कडीला तिने चिंधी गुंडाळली होती.

दोन वर्षांपूर्वी, सलग दोन पाळ्या करून आलेल्या दिवशी, अंगदची गोटी फरशीवरून गडगडली आणि डोळे पुरते उघडण्याआधीच कल्याणचा हात उठला. चार वर्षांच्या पोराचा ओठ फुटला. त्याच दिवशी कल्याणला लाज वाटली, हे खरे. परंतु दुसऱ्या दिवशी घरात भांडेही वाजले नाही, त्याला सलग सहा तास झोप लागली, आणि त्या झोपेपायी त्याने लाजेचा विषय पुन्हा काढला नाही, हेही तितकेच खरे.

या सोमवारपासून त्याला दिवसपाळी मिळाली होती. आज सुट्टी होती.

शेजारच्या प्रभावतीकाकू विरजण मागायला दारात आल्या.

"रूपाली, तुझी लेकरं हाईत का भिंतीवरचे फोटो? माझ्या घरी दोनच नातू, पन निस्ता बाजार भरलाय बघ."

"त्याहिला वळणच तसं लागलंय, काकू," रूपाली कुजबुजली.

"अगं, मोठ्यानं बोल की," कल्याण म्हणाला. "मी जागाच हाय."

"सवय पडली," ती त्याच आवाजात म्हणाली आणि विरजणाची वाटी काकूंच्या हाती दिली.

काकू गेल्या. कोपऱ्यात अंगद पोत्यावर उताणा पडला होता, तोंडावर टॉवेल घेऊन. अर्पिता चवड्यांवर, श्वास धरून, भिंतीपासून दाराकडे निघाली होती. कल्याण बराच वेळ पाहत राहिला.

"काय खेळून राह्यलेत रे?"

दोघेही जागच्या जागी थिजले. अर्पिताने आधी आईकडे पाहिले. अंगदने टॉवेल जरासा खाली ओढला.

"पप्पा-पप्पा."

"ते कसं असतं?"

"एकानं निजायचं. दुसऱ्यानं दारापोहोत जायचं. आवाज झाला की आउट."

"आणि आउट झाल्यावर?"

"भिंतीकडं तोंड करून बसायचं. पैले मारायचं होतं. पन दीदी लई जोरात मारती, म्हणून ते काढून टाकलं."

रूपालीचा वरणातला पळा थांबला. तिने मागे वळून पाहिले नाही.

कल्याण खाटेवरून उतरला. काहीतरी बोलावे असे त्याला वाटले. पण जे बोलायचे ते दोन वर्षे उशिरा सुचले होते, आणि सहा वर्षांच्या मुलापुढे ते कसे मांडावे, हे त्याला कळेना.

"मला घ्या खेळात," तो म्हणाला.

मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

"मंग तुम्ही निजा," अर्पिता समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्हाला बराबर येतं."

"न्हाई. मी चालतो. तू नीज."

अंगदला उठवून ती पोत्यावर आडवी झाली. एक हात कपाळावर आडवा टाकला, तोंड अर्धवट उघडे ठेवले, भुवया आवळून घेतल्या. झोपेतही कोणावर तरी चिडलेला तो चेहरा कल्याणने आजवर पाहिलेला नव्हता. आपला चेहरा झोपेत पाहण्याची सोय कोणालाच नसते. तो भिंतीपाशी गेला आणि टाचा उचलून चालू लागला. तिसऱ्या पावलाला त्याचा उजवा गुडघा कडकन वाजला.

"आउट," अर्पिता डोळे न उघडता म्हणाली.

अंगदने आनंदाने, पण आवाज न करता, भिंतीकडे बोट दाखवले. कल्याण तिकडे तोंड करून मांडी घालून बसला. पोपडे आलेला चुना त्याच्या नाकासमोर होता. आता अंगदची पाळी होती. त्याची पावले ऐकू येतील म्हणून कल्याणने कान टवकारले. निदान एखादे हसू फुटेल म्हणून तो थांबला. काहीच आले नाही. मूल दारापर्यंत पोचले की अजून वाटेतच आहे, हेही त्याला कळेना.

"अंगद, किती येळ बसायचं रे?" त्याने विचारले. त्या खोलीत त्याने प्रथमच आवाज दबका ठेवला होता.

"शू!"

"पप्पा उठेस्तोवर का?"

"न्हाई, न्हाई," अंगद घाईने जवळ येऊन त्याच्या कानात म्हणाला. "पप्पा उठले की खेळ संपतो."

कल्याणने मान वळवली नाही. गुडघा पुन्हा वाजू नये म्हणून त्याने तो हाताने दाबून धरला आणि बसून राहिला.