मोकळ्या वेटोळ्यांचा देव

"तो फुटको देव आजच्या आज तळ्यात सोड गो. माझ्या तुळशीचा लगीन तेच्या सावलीत नको," वृंदावनाला चुना फासता फासता यशोदाबाईंनी सुनेला फर्मावलं.

"घरात खंय आसा तो, मांय? जानकीबाय पणजीक घेऊन गेल्यात. सांजेक येतली," आवळ्याची फांदी तुळशीत खोचत सुमंगला म्हणाली.

"फुटक्या देवाक पणजी दाखवतंत," सासूबाई पुटपुटल्या.

मये गावातल्या या घरात तो देव सुमंगलाच्या लग्नात आला. तिचा बाप सखाराम पेडण्याचा, मुरगावच्या धक्क्यावर हमाल. रामेश्वराहून परतताना वाटेत एका फेरीवाल्याकडून त्याने हौसेने शाळिग्राम घेतला आणि लग्नात जावयाच्या हाती दिला. शाळिग्राम कसला, बोकडाच्या शिंगासारखा वळलेला दगड! वेटोळी एकमेकांना टेकतच नव्हती, मधून बोट जाईल एवढी फट. यशोदाबाईंनी तो उजेडात धरला आणि भर मांडवात म्हणाल्या, "व्याह्यान फुटको देव दिल्यान."

झालं! भंगलेला देव पूजत नाहीत, आणि व्याह्याने दिलेला टाकवतही नाही. दगड फडक्यात गुंडाळून फडताळावर गेला. सखाराम मात्र त्या दिवसापासून लेकीच्या घराचा उंबरठा ओलांडेनासा झाला. यायचा, पाव नि केळी आणायचा, बाहेर सोप्यावर टेकायचा. आत बोलावलं की, "नको गो, हयच बरा आसा." पाणी पिऊन उठायचा. असाच सोप्यावरचा पाहुणा राहून एक दिवस तो देवाघरी गेला.

सुमंगला बालवाडीत पोरांसाठी पेज शिजवायची, घरी सासूची बोलणी खायची, आणि कशाचं काही वाटून घ्यायची नाही. बापाची ही एक गोष्ट तेवढी सलायची. देव तळ्यात जावो नाहीतर कुठेही. बापाने फुटका दिला नव्हता, हे एकदा कुणीतरी म्हणावं. मागच्या खोलीत भाड्याने राहणारी सावंतवाडीची जानकी खाणीच्या कचेरीत दगड तपासायची. सुमंगला फडताळ झाडत असताना जानकीच्या नजरेला तो दगड पडला आणि सुमंगलाला आशा लागली.

दिवेलागणीला जानकी आली ती थेट सोप्यावर बसली. सुमंगलाच्या हातातली चिंचेची फांदी हातातच राहिली.

"वयनी, खरं सांगते, आधी मलाही फुटकाच वाटला. नेहमीच्या जातीतला मोडका तुकडा म्हणून मोकळी झाले होते. पणजीच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी आतली बाजू धुवायला लावली. इथे बोट फिरवा."

सुमंगलाने बोट फिरवलं. बाहेरचे कंगोरे वळून आतही येत होते, कुठेच तुटत नव्हते.

"वेटोळी आधी चिकटलेली असती तर आत खोबण पडली असती. तशी नाही. हा समुद्रातला जीव, अमोनाइट म्हणतात. कधीच नामशेष झाला. त्यातल्या मोकळ्या वेटोळ्यांच्या गटातला हा. पुढचं नाव ठरायचंय, पण गट पक्का. तो वाढलाच असा."

"म्हणजे माझ्या बापाशीन फुटको दिलो नाय?"

"नाही वयनी. अखंड आहे."

सुमंगलाच्या उरावरचं ओझं असं उतरलं की ती आधी हसली आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"म्हणजे तो शाळिग्राम पण नाय?" सासूबाईंनी चुन्याचे हात पुसत विचारलं.

जानकी जरा चाचरली. "शाळिग्रामही त्याच कुळातले, आजी. हा लांबचा भाऊबंद."

"भाऊबंद म्हणजे घरचोच." त्यांनी दगड हातात घेतला आणि आतून नखाने बराच वेळ चाचपला. चुकले म्हणण्याचा त्यांचा पिंड नव्हे. दगड तुळशीपाशी नवऱ्याच्या जागी ठेवून त्या म्हणाल्या, "सुमंगले, एक पाट जास्त मांड."

"कोणाक?"

"न्हवरो कोणी आणलो? न्हवऱ्याकडच्यांक पाट नको?"

सुमंगलाने मोठा पाट काढला आणि सवयीने सोप्याकडे नेला.

"थंय नको गो," सासूबाई म्हणाल्या. "उंबऱ्याच्या आत मांड."

तिने पाट आत मांडला, पुढे विडा ठेवला आणि दार उघडंच राहू दिलं.