बकरीची कडी

वेंडेलकाकांचं घर तिसा नदीपासून चांगलं अडीच किलोमीटर आत, मक्याच्या शेताला लागून. तरी चौऱ्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा गावभर सांगत फिरायचा, "आमचं घराणं नावाड्यांचं!"

"नाव कशात चालवायचात काका, मक्यात?" खानावळीत हमखास हशा पिकायचा. हसणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू.

यंदा गावानं जुन्या नावाडी घराण्यांची नावं घाटावरच्या दगडावर कोरायचं ठरवलं आणि त्यासाठी नेमलेल्या समितीनं काकांचं नाव गाळलं. काका तडक माझ्या ग्रंथालयात आले.

"गिझेला, पुरावा मागतायत मेले! तुझ्या कपाटात जुने नकाशे कुजतायत ना? काढ."

"कुजत नाहीत, जपून ठेवलेत," मी फणकारले. पण काढले.

सैन्यानं काढलेला एक नकाशा होता, इंजिनियरांनी वळणं कापून नदी सरळ केली त्याच्याही आधीचा. मी पातळ कागदावर त्यातली नदी आणि चर्चचा मनोरा गिरवला आणि मनोऱ्यावर मनोरा जुळवून तो कागद आजच्या नकाशावर ठेवला. नदी भलंमोठं वळण घेऊन मक्याच्या शेतातून गेली होती, थेट काकांच्या अंगणाला खेटून. तिथे एक इवलीशी नाव काढलेली होती.

कागद घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो. अंगणापलीकडे शेत एकदम खोलगट होतं. जन्मभर पाहिलेलं शेत, पण हे कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. मी त्यात उतरले. इथे एके काळी माझ्या डोक्यावरून पाणी वाहत होतं, माणसांनी भरलेल्या नावा जात होत्या.

वळून पाहिलं तर घराच्या विटांच्या भिंतीत अंगठ्याएवढी जाड लोखंडी कडी. तिला काकांची बकरी बांधलेली. कडी एका बाजूनं झिजून निम्मी झाली होती.

"काका, ही कुणी बसवली?"

"काय माहीत! आजोबांच्याही आधीची आहे. बकरीसाठीच असणार."

"बकरीनं लोखंड एवढं झिजतं?"

काका कडीजवळ गेले. झिजलेल्या जागी बोट फिरवत राहिले. "नावांचे दोर..." ते म्हणाले.

"सत्तर वर्षं..." ते पुटपुटले. "सत्तर वर्षं मी नदी बाहेर शोधत फिरलो, आणि ती माझ्याच भिंतीला बांधलेली होती गं पोरी."

"समितीकडे जाऊ या?"

"त्यांना इथे बोलव."

मग त्यांनी टोपी काढली, कडीतून बकरीची दोरी सोडली आणि बकरीला नेऊन अक्रोडाच्या झाडाला बांधलं.