कर्ता गाळला तरी चालतं

धुलाईच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण बारकी म्हणायची. बारकी तिची धाकटी नणंद. लग्न मोडून भावाकडे परतली, तेव्हा वहिनीनेच तिला कारखान्यात चिकटवलं. त्यामुळे घरीदारी दोन्हीकडे तिच्यावर हुकूम चालवायची सोय झाली. बारकीला त्याचं काही वाटत नसे. सुपरवायझर असलेली, दर बुधवारी इंग्रजीच्या शिकवणीला बसणारी भावजय आपली आहे, याचाच तिला कोण अभिमान.

हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायचं काम बारकीचं. रोलरच्या तोंडाशी जाळी होती. तिला हात लागला की मशीन जागच्या जागी बंद पडायचं. एका शुक्रवारी माल अगदी गळ्याशी आला आणि मशीन सारखं अडू लागलं. वहिनीने पाना आणून स्वतः जाळी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"डोळे उघडे ठेव, म्हणजे झालं," ती बारकीला म्हणाली.

दुपारी चादरीची सुरकुती काढताना बारकीचा उजवा हात आत गेला. मशीन बंद करेपर्यंत तीन बोटं चपटी झाली होती आणि तळव्याची कातडी रोलरला चिकटून राहिली होती. चादर मात्र पलीकडून छान कडक होऊन बाहेर आली.

बारकी इस्पितळातून घरी आल्यावर साहेबांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं. विम्याचा माणूस बाहेरून येणार होता आणि त्याला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं.

"तूच बोल त्याच्याशी. कारखान्याने शिकवणी कशासाठी लावली तुम्हा सुपरवायझरांना?" साहेब म्हणाले. "आणि हे बघ, जाळी कारखान्याने काढली असं निघालं तर कारखाना अडकेल. तू काढलीस असं निघालं तर तू."

तिसरं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्याच महिन्यात शिकवणीच्या सरांनी वाक्य फिरवायला शिकवलं होतं. 'मी कप फोडला' असं कशाला म्हणायचं? 'कप फोडला गेला' म्हणा. कर्ता उचलून मागे टाकायचा, पुढे 'बाय' लावायचं, आणि नको असेल तर गाळून टाकायचा. "कर्ता गाळला तरी चालतं," सर म्हणाले होते. "ऑफिसातलं अर्धं इंग्रजी असंच असतं." वर्ग खळखळून हसला होता. वहिनीला मात्र ते फार पटलं होतं.

विम्याचा माणूस आला. बारकी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन शेजारी बसली. भाषा कळत नसल्याने ती नुसती वहिनीच्या ओठांकडे बघत होती.

"द गार्ड वॉज रिमूव्हड," वहिनी म्हणाली. वाक्य स्वच्छ उतरलं.

त्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बाय हूम?"

असं कुणी उलट विचारलं तर काय करायचं, ते सरांनी शिकवलं नव्हतं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. वहिनी म्हणाली, "बाय हर."

बारकीने मान डोलावली. आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय, एवढं तिला कळलं.

हे तिच्याच तोंडून ऐकायचंय, असं त्या माणसाने सांगितलं. उद्या.

संध्याकाळी वहिनीने बारकीला स्वयंपाकघरात समोर बसवलं.

"एकच वाक्य आहे. द गार्ड वॉज रिमूव्हड बाय मी."

"म्हणजे काय गं?"

"जाळी नव्हती, त्यात माझा हात गेला, असं."

बारकीने दहादा घोकलं. 'रिमूव्हड'पाशी तिची जीभ अडखळायची. वहिनी तिला ओठ दाबून दाखवायची, पुन्हा म्हणून घ्यायची. गंमत अशी, की थोड्या वेळाने वहिनीला भीतीच वाटेनाशी झाली. आजवर तिच्याकडून कुणी काही शिकलं नव्हतं. उच्चार नीट आला तेव्हा ती मनापासून "शाब्बास" म्हणाली.

"ते शेवटचं बाय," बारकीने विचारलं, "जाताना म्हणतात तेच ना? बोलणं संपलं, निघते मी, असं?"

"हो. तेच."

दुसऱ्या दिवशी बारकीने ते वाक्य एका दमात म्हटलं. त्या माणसाने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं, मग तिच्या हाताकडे.

"शुअर?"

हा शब्द तिला येत होता. "शुअर," ती हसून म्हणाली, आणि वर "थँक्यू" जोडलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तिला समोर उभं करून सगळं साध्या भाषेत सांगितलं. नुकसानभरपाई नाही, नोकरीही नाही. जाळी काढणं हा गुन्हा आहे आणि तो तिने स्वतः कबूल केलाय. बारकीने वहिनीकडे पाहिलं. वहिनी चादरी मोजत होती.

जेवायला बसल्यावर बारकी भावाला म्हणाली, "दादा, जाळी वहिनीने काढली होती."

"मग तिथे का नाही बोललीस?" वहिनी म्हणाली. "दोघांसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस, आणि आता माझ्यावर खापर?"

भाऊ घास हातात धरून बसला. कारखान्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या कानावर आधीच आलं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. आता घरात तिचाच पगार भक्कम होता.

"जाऊ दे," तो ताटात बघत म्हणाला. "व्हायचं ते होऊन गेलं."

बारकीला डाव्या हाताने जेवता येत नव्हतं, म्हणून ती तशीच उठली.

रविवारी तिला थोरल्या बहिणीकडे धाडायचं ठरलं. एका हाताने वेणी घालता येईना, म्हणून सकाळी तिला वहिनीपुढेच पाठ करून बसावं लागलं. वहिनीने केस तीन भागांत घट्ट ओढले.

"दुखतंय," बारकी म्हणाली.

"हलू नकोस," वहिनी म्हणाली, आणि पहिला पेड घातला.