सातवा माणूस

"सकाळी सात माणसं होती. आता सहाच हायत," कोंडाबाई भिंतीकडं बोट करून म्हणाल्या.

सिद्धोधन पेंटर शिडीवरून उतरला. तेवीस वर्षं त्याने खताच्या नि बियाण्याच्या जाहिराती रंगवल्या होत्या. खाली मोबाइल नंबर लिहायचा नाही, अशी घराच्या आतली भिंत त्याला पेडगावात पहिल्यांदाच मिळाली होती. कोंडाबाईंचा नवरा ग्यानबा "कायबी काढ" म्हणून मेंढरांमागं निघून गेला आणि सिद्धोधनने कधीचं जपलेलं कॅलेंडर बाहेर काढलं. त्यावर दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या गोऱ्या चित्रकाराचं बंदर होतं. काळं आभाळ, वादळ, कलंडलेली जहाजं. समुद्र सिद्धोधनने पाहिला नव्हता. येलदरी धरणाचे दरवाजे उघडले तेव्हाचं पाणी आठवून तो काम भागवत होता.

दुपारी त्याला एक लाट फार देखणी साधली. तिच्याखाली होडीतला लाल टोपीवाला गेला. कलेत असं होतं, हे त्याने कोंडाबाईंना नीट समजावलं.

कोंडाबाई तीस वर्षं रोज संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहून मेंढरं मोजत आल्या होत्या. एक कमी भरलं की चूल पेटत नसे. त्यांनी कलेचं शांतपणे ऐकून घेतलं आणि चुन्याची बादली आणून ठेवली. दिवेलागणीपर्यंत माणूस सापडला तर ठीक, नाहीतर भिंत पांढरी.

"मावशी, त्यो गेला. वादळ हाय."

"माज्या घरात न्हाई जायचा."

दुसरा काढून देतो, असंही तो म्हणाला. मेंढरू हरवलं तर शेजाऱ्याचं आणून मोजायचं का, असं कोंडाबाईंनी विचारलं. पण लाट मोडायला सिद्धोधनचा हात धजत नव्हता. अशी लाट पुन्हा साधली नसती.

दिवस कलताना त्याने किनाऱ्यावरच्या खडकाला टेकवून लाल टोपीवाला बसवला. पोहत आला, म्हणाला.

कोंडाबाई जवळ गेल्या. "गारठलाय की. घोंगडं दे त्याला."

सिद्धोधनने काळं घोंगडं दिलं. काठासकट. कोंडाबाईंनी बोटाने मोजलं, सात भरले, चूल पेटली.

मेंढरं कोंडून ग्यानबा आत आला. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिला. मग घामेजलेला सदरा काढला आणि तो टांगायला नेमक्या त्या देखण्या लाटेवर खिळा धरून हातोडी उचलली. सिद्धोधनने डोळे मिटले.

कोंडाबाईंनी नवऱ्याच्या हातातून सदरा काढून घेतला.

"तिथं नगं," त्या म्हणाल्या. "वला व्हईल."

सदरा स्वतःच्या खांद्यावर टाकून त्या भाकरी थापायला बसल्या.