ऐन की साग

गोदाला त्या सुगीत भात विकत घ्यायचे होते. कल्याणात पारनाक्याजवळ तिचा कांडपाचा धंदा होता. ओसरीवर चार उखळे, आठ बाया. पण भात दुसऱ्याचे, तांदूळही दुसऱ्याचा. हिच्या हाती पडायची ती नुसती कांडणावळ. मुरबाडकडचे भात स्वस्ताईत भरून ठेवायचे आणि श्रावणात तांदूळ आगगाडीने मुंबईला पाठवायचा, असे तिने मनाशी पक्के केले होते. त्याला तीनशे रुपये लागणार होते, आणि गहाण टाकण्याजोगे तिच्याकडे एकच होते, ते घर. तिचा बाप खाडीवरच्या लाकडाच्या वखारीत मोजणीदार होता. त्याला मुलगा नव्हता. मरताना त्याने स्वतः बांधलेले घर गोदाच्या नावावर केले होते.

गोपीनाथशेट सावकार पैसे द्यायला तयार झाला. "आधी घराची पाहणी होईल," तो म्हणाला. ठरल्या दिवशी तो धोंडीबा सुताराला आणि कारकुनाला घेऊन आला. बायांनी मुसळे थांबवली.

धोंडीबाने भिंती ठोकल्या, खांबांवरून हात फिरवला. धुराने आणि तेलाने खांब काळेकुट्ट झाले होते. त्याने तोंड उघडायच्या आतच शेट कारकुनाला सांगू लागला, "लिही. खांब ऐनाचे. जोते खचलेले. एकंदर किंमत रुपये तीनशे. कागद मुदतखरेदीचा."

मुदतखरेदी म्हणजे काय ते गोदाला ठाऊक होते. दोन वर्षांत पैसे फिटले नाहीत, तर लिहिलेल्या किमतीला घर सावकाराचे.

"खांब ऐनाचे नाहीत, दुप्पट मोलाच्या सागाचे आहेत," ती म्हणाली.

शेट हसला. "लाकडातलं तुला काय कळतं, बाई?"

"बापाने शिकवलंय तेवढं कळतं. धोंडीबादादा, रंधा काढा. तासून बघा."

तिचा नवरा पंढरी दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "अगं, राहू दे. शेट रागावतील."

"रागावू देत. घर माझं, खांबही माझा."

धोंडीबा हलेना. तेव्हा गोदाने त्याच्या पिशवीतला रंधा स्वतःच उचलला आणि मधल्या खांबावर दोनदा जोराने ओढला. काळ्या थराखालून सोनेरी लाकूड उघडे पडले. तेलकट, उग्र वास ओसरीभर पसरला. तिने ढलपी उचलून धोंडीबाच्या तळहातावर ठेवली.

"आता बोला. ऐन की साग?"

आठही बाया त्याच्याकडे बघत होत्या. धोंडीबाने शेटकडे पाहिले. वर्षभराचे काम त्याला शेटकडूनच मिळे.

"ऐनच आहे," तो म्हणाला. मान काही त्याने वर केली नाही.

"झालं समाधान?" शेटने कागद पुढे सरकवला. "कर बांगडीची निशाणी."

गोदाला लिहिता येत नव्हते. सहीच्या जागी बांगडी उमटवून बायकांचा कागद पुरा होई. तिने कागद तसाच मागे ढकलला.

"जो कागद माझ्या घराबद्दल खोटं बोलतो, त्याला माझी बांगडी लागणार नाही."

"कल्याणात तुला दुसरं कोणी रुपया देणार नाही, बघ."

"मग कल्याणाबाहेर बघते."

शेटचे म्हणणे खोटे नव्हते. आठ दिवस ती दारोदार फिरली. कोणी म्हणे हात अडकलेत, कोणी सरळच म्हणे शेटशी वाकडं कशाला. पंढरी म्हणाला, "जाऊन पाया पड. अजून देतील." भात कापून खळ्यावर आले होते आणि दिवस हातचे जात होते.

नवव्या दिवशी ती एकटीच ठाण्याला गेली. कचेरीजवळ श्रीपादपंत वकील राहात. ते घरे गहाण ठेवून कर्ज देत, असे तिने ऐकले होते. पंतांनी सगळे ऐकून घेतले.

"घर माझा माणूस पाहील. सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होता. पाहणीचे दोन रुपये तुमच्याकडून."

"देईन. पण पैसे मी देणार, तर पाहणीच्या कागदाची नक्कल मला पाहिजे. आणि तो घर बघून येईस्तोवर तुम्ही त्याला किमतीचा कुठलाही आकडा सांगायचा नाही."

पंतांनी चष्मा काढला. "आजवर असं कोणी मागितलं नाही मला."

"आजवर माझं घर गहाण पडलं नव्हतं."

"आणि किंमत कमी आली तर?"

"तर कमी. खरी असली म्हणजे झालं."

पंतांनी दौत पुढे ओढली.

ओव्हरसियर आला तो अख्खी दुपार राहिला. जोते मापले, शिडी लावून कौलांवर चढला. मागच्या बाजूचे दोन वासे कुजलेले निघाले; गोदाला त्याचा पत्ता नव्हता. खांब सगळे सागाचे होते. पण माजघरावरची मोठी तुळई तासली तेव्हा ती ऐनाची निघाली. इथे बापाने हात आखडता घेतला होता. गोदाचा चेहरा उतरला.

"हे लिहू ना?" ओव्हरसियरने विचारले.

"लिहा. आहे ते लिहा."

किंमत सहाशे चाळीस आली. त्यावर तीनशेचे कर्ज, साध्या गहाणावर. घराचा ताबा गोदाकडेच. नक्कल तिने देवघरात ठेवली. कागद नोंदवायला ती कल्याणच्या रजिस्ट्रारकडे गेली तेव्हा गोपीनाथशेट आपल्या कामासाठी तिथेच बाकावर बसला होता. तिने बांगडी शाईत बुडवली आणि सावकाश, नीट उमटवली.

पुढचे सोपे गेले नाही. पहिल्या वर्षी चाळीस मण भात ओल लागून काळे पडले. तिने डोरले मोडून व्याज भरले, पण शेटच्या दारी गेली नाही. तिसऱ्या वर्षी कर्ज फिटले.

त्याच उन्हाळ्यात तिच्याकडे कांडायला येणाऱ्या रतनचे घर शेटकडे गहाण पडायचे होते. पाहणीच्या दिवशी गोदा न बोलावता गेली आणि ओट्यावर बसली. मागोमाग बाकीच्या बायाही आल्या.

"तुझं काय काम इथे?" शेटने विचारले.

"काही नाही. तुमचं चालू द्या."

शेट कारकुनाकडे वळला, पण या वेळी धोंडीबा आधी बोलला. "भिंती चांगल्या आहेत. लाकूड साग. साडेचारशे लिहा."

शेटने त्याच्याकडे रोखून पाहिले. मग ओट्यावरच्या बायांकडे. ठाण्याची वाट आता सगळ्यांनाच माहीत झाली होती.

"लिही," तो कारकुनाला म्हणाला.

धोंडीबाला त्याने पुन्हा कामावर बोलावले नाही. रतनने मात्र निशाणी केली ती साडेचारशेच्याच कागदावर.